बेंडपाईप चेसीला टेकतो तेव्हा

पट्टी लावायला बाई आली तेव्हा हणमंत विहिरीच्या तळाशी उकिडवा बसून गाडीच्या चेनला तेल घालत होता. त्यानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. एरवी जत्रेत कुणी नवखं माणूस आमच्या तंबूशी आलं की हा आधी चहा सांगतो आणि मग नाव विचारतो. मी मनात म्हटलं, झालं, आज स्वारी फुगून बसली आहे.

एक आधीच सांगून टाकते. तोंडावर मी नवऱ्याला अहोजाहो करते, मनात मात्र अरेतुरे चालतं. हे लिहिणं मनातलं आहे, तेव्हा कुणी नाक मुरडू नये.

आमची विहीर पाण्याची नव्हे. लाकडी फळ्यांची, गोल, दोन मजले उंच. बाहेर बोर्ड 'मौत का कुआँ' असा. लोक जिन्यानं वरच्या कठड्यावर चढून खाली डोकावतात आणि आम्ही दोघं नवरा-बायको मोटरसायकली घेऊन आतल्या उभ्या भिंतीवर गरागरा फिरतो. पूर्वी प्रत्येक मोठ्या जत्रेत अशी विहीर असायची. आता रस्त्यावरच्या गाड्या सगळ्या बॅटरीच्या, मुक्या. पेट्रोलची गाडी दिसली की पोरं फोटो काढायला धावतात. त्यामुळे आमच्याकडे लोक थरार बघायला कमी आणि इंजिनाचा आवाज ऐकायला, धूर हुंगायला जास्त येतात. म्हातारे तर डोळे मिटून उभे राहतात. आमच्या भागात आता आमची एकच विहीर उरली होती.

त्या वर्षी नवा नियम निघाला. जत्रेतल्या प्रत्येक फिरत्या यंत्राला, पाळणा असो की आमच्या गाड्या, कंपन मोजणारी पट्टी लावायची. पट्टी हिरवी झाली तर खेळ, नाही तर कुलूप. पुसेगावच्या जत्रेत आमच्या वाट्याला शबाना मुल्ला आली. मिरजेची इंजिनीयर, तिशीची, पायात चिखलाचे बूट. तिनं हणमंतच्या गाडीच्या चेसीला बोटभर रुंदीची एक काळी पट्टी चिकटवली.

"जळू हाय ही," हणमंत म्हणाला. त्या दिवशीचं ते त्याचं पहिलं वाक्य.

"रक्त नाही पीत दादा, फक्त ऐकते," शबाना हसून म्हणाली.

ती पट्टी काय करते ते तिनं मला नीट समजावलं, आणि मला ते आवडलं, कारण गाड्यांची दुरुस्ती आमच्याकडे मीच करते. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. शबाना म्हणाली, गाडीचा प्रत्येक भाग आपल्या चालीनं थरथरतो. इंजिन एका चालीनं, चेन दुसऱ्या, सैल नट तिसऱ्या. आपल्या हाताला त्या सगळ्याचा मिळून एकच गोळा लागतो. पट्टीच्या आत केसाहून बारीक असे हजारो कान असतात आणि थरथर कुठल्या कानाला आधी पोचली, कुठल्याला नंतर, यावरून ती सगळे सूर सुटे करते. भजनात आपण डोळे मिटून मृदंग वेगळा, टाळ वेगळे, पेटी वेगळी ऐकतो, तसं.

"आणि वहिनी, गाडीवर बसलेलं माणूसही तिला कळतं," ती म्हणाली. "मांस थरथर शोषून घेतं. शिवाय आपला हात हँडलवर गप्प नसतो. थरथर वाढली की मूठ आपोआप आवळते, कमी झाली की ढिली पडते. आपल्याला पत्ताही लागत नाही, पण पट्टीला लागतो."

जमिनीवर, स्टँडवर गाडी चालू केली तर सगळं ठीकठाक. शबानाच्या हातातल्या पडद्यावर एकही लाल रेघ नाही. मग हणमंत भिंतीवर चढला. तळाच्या उतरत्या फळ्यांवरून दोन फेऱ्या, मग सरळ उभ्या भिंतीवर, आणि चांगला वेग आला तशी गाडी खर्र करून ओरडली. तो आवाज मला गेल्या काही महिन्यांपासून माहीत होता. मी कितीदा म्हटलं होतं, बघू द्या मला, आणि तो कितीदा म्हणाला होता, राहू दे.

पडद्यावर लाल रेघ उमटली. "बेंडपाईप," शबाना म्हणाली. "चेसीच्या आडव्या दांडीला टेकतोय. पण फक्त भिंतीवर."

हे कसं, तेही सांगते. भिंतीवर आम्ही पडत नाही ते वेगामुळे. गोल फिरताना भिंत आपल्याला आत ढकलत राहते आणि आपलं वजन तिप्पट झाल्यासारखं वाटतं. गाल खाली ओढले जातात, चोळीसुद्धा जड होते. वजन माणसाचंच वाढतं असं नाही, गाडीच्या प्रत्येक भागाचं वाढतं. इंजिन रबराच्या बुशांवर दबतं, त्याला जोडलेला धुराड्याचा वाकडा पाईप, तोच बेंडपाईप, दबतो. एरवी पाईप आणि खालची दांडी यांच्यामधून लग्नपत्रिका सहज सरकावी इतकी फट असते, ती भिंतीवर मिटते आणि लोखंड लोखंडावर खरखरायला लागतं. खाली उतरलं की फट पुन्हा उघडते आणि गाडी शहाण्या बाळासारखी उभी राहते. म्हणून असला बिघाड गॅरेजवाल्याला जन्मात सापडत नाही.

"हे काढलंत की हिरवी," शबाना म्हणाली.

"असू द्या की," हणमंत हेल्मेट नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "आवाज हाय म्हणून काय झालं? लोकांस्नी आवाजच पायजे."

"दादा, घासून घासून दांडी झिजेल. वर असताना तुटली तर?"

"न्हाई तुटत."

"आवं, बाई काय येडी हाय का?" मी म्हटलं. "संध्याकाळी खेळ हाय. कुलूप लावून घेताय का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तोंड फिरवून तंबूत निघून गेला. मला राग आला. माणसानं हट्टी असावं, पण पाईपासाठी?

मी कामाला लागले. हणमंतच्याच तंबाखूच्या डबीतला चुना घेऊन पाईपाच्या खालच्या अंगाला फासला. शबानाच्या देखत त्याला पुन्हा एकदा वर पिटाळला आणि खाली आल्यावर वाकून पाहिलं. चुना एका जागी भरडला होता आणि त्याच्या आतलं लोखंड आरशासारखं चकचकत होतं. पाईप ज्या ब्रॅकेटनं धरलेला असतो तो ब्रॅकेट खाली वाकला होता. त्यावर दगडाचे घाव होते. ट्रकमध्ये विहिरीचं सामान चढवताना-उतरवताना असं होतंच, म्हणून मी पुढे विचार केला नाही. ब्रॅकेट काढला, ऐरणीवर सरळ केला. मग इंजिनाचे, पाईपाचे, सायलेन्सरचे सगळे नट ढिले केले, गाडी चालू करून तिला थोडी थरथरू दिली, म्हणजे जो तो भाग आपल्या जागी बसतो, आणि मग इंजिनापासून मागे मागे घट्ट करत आले. घाईत लोक आधी शेपूट आवळतात आणि मग पाईप कायमचा ताणलेला राहतो. मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

"या आता," मी तंबूच्या दाराशी जाऊन म्हटलं. "नवी नवरी केलीय तुमची गाडी."

तो आला. किक मारली. गाडीवर बसून बराच वेळ नुसता समोरच्या फळ्यांकडे बघत राहिला. मग वर गेला.

मी आणि शबाना कठड्यावर उभ्या होतो. गाडी खरंच सुरेल वाजत होती. खरखर नाही, काही नाही. शबानानं मला पडदा दाखवला, रेघा हिरव्यागार. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की इंजिनाचा आवाज उतरतो आहे. तो हळू चालवत होता. भिंतीवर हळू चालवणं म्हणजे भिंत सोडणं, हे आमच्यात चालायच्या आधी शिकवतात. मी ओरडले, "वेग! वेग घ्या!" त्यानं कान दिला नाही किंवा त्याला ऐकू आलं नाही. मागचं चाक सरकलं. गाडी आडवी झाली आणि माणूस आणि गाडी दोन्ही फळ्यांवरून घसरत तळाशी आले.

जिना मी कसा उतरले मला आठवत नाही. खांद्याचं कातडं सोललं होतं, कोपरातून रक्त येत होतं. हाडं शाबूत होती. मी त्याला उठवून फळीवर बसवलं.

"तेल सांडलं व्हतं," तो म्हणाला.

"कुठं? मी सकाळी पुसलीय भिंत."

"मग न्हाई म्हाईत."

शबाना खाली आली होती. ती पडदा हातात घेऊन आमच्यापासून थोडी लांबच उभी राहिली. सांगावं की नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ती त्याच्यासमोर चवड्यांवर बसली.

"दादा, तुमच्या हातांना हँडल लागतं का?"

त्यानं दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

"पट्टी म्हणते तुमचे दोन्ही हात उत्तर देत नाहीत. थरथर वाढली, मूठ तशीच. कमी झाली, मूठ तशीच. मी आधी म्हटलं पट्टीचं चुकलं असेल. पण आता तुम्ही पडत होता तेव्हासुद्धा मूठ हलली नाही."

मग तिनं मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज खाली आला. वर्षानुवर्षं थरथर हातात जात राहिली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटत जातात आणि त्यांच्यामागून नसा मरतात. आधी थंडीत बोटं पांढरी पडतात. मग मुंग्या येतात. मग मुंग्याही थांबतात. हात धरतो, उचलतो, सगळं करतो, फक्त त्याला कळत नाही. गेलेलं परत येत नाही.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दोन वर्सं," हणमंत जमिनीकडे बघत म्हणाला. "आदी बोटं गेली, मग तळवा. वेग कळायचाच बंद झाला, मंदा. वेग म्या हातातनंच वळखायचो. मग एक दिवस ब्रॅकेट वाकावला. दगडानं. पुरता वेग आला की पाईप टेकतो आन् खर्र होतं, ते थेट कमरंत येतं, दातात येतं. खरखर हाय तोवर वेग पुरता. थांबली की वेग दे. त्याच्यावर चाललं व्हतं माजं. आज खरखर कायमची गेल्याली, मग वेग उतरल्याला कळनार कशातनं?"

शबानाचा हात तोंडावर गेला. तिच्या पट्टीनं आणि माझ्या हातोडीनं मिळून आम्ही त्याची काठी काढून घेतली होती. मला रडू आलं नाही. मला आधी वेगळंच सुचलं.

"आन् गाठ?"

गाठ म्हणजे आमचा शेवटचा खेळ. तो वर, मी खाली, शेजारी शेजारी फिरतो. ॲक्सिलेटर जुन्या ट्यूबच्या रबरी कड्यानं अडकवून मी उजवा हात वर करते, तो डावा हात खाली देतो, आणि हातात हात घेऊन आम्ही पूर्ण एक फेरी मारतो. दोन इंजिनांच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सोडायची वेळ झाली की मी बोटांनी त्याचा हात दोनदा दाबते. दाबल्यावर क्षणभर जरी उशीर झाला तर एक गाडी दुसरीला ओढून नेते.

"तुजा दाब मला दोन वर्सं लागला न्हाई," तो म्हणाला. "तुजं तोंड बघायचो. दाबायच्या आदी तुज्या भुवया वर जात्यात. त्या गेल्या की सोडायचो."

आता हे कुणाला सांगू? दोन वर्षं गाठीच्या वेळी हा माझ्याकडे टक लावून बघायचा. आधीची सगळी वर्षं समोर बघायचा. कठड्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. लग्नाला इतका काळ लोटल्यावर नवरा असा बघायला लागला तर बाई काय करेल? मी काजळ आणलं. भिंतीवर वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहतं, काजळ गालावर उतरतं, तरी मी दर खेळाला घालायची. मला वाटायचं, उशिरा का होईना, माणूस माझ्यावर भाळला.

मी त्याला म्हटलं, "डोळे मिटा." त्यानं मिटले. मी त्याचा डावा हात माझ्या हातात घेतला, घट्ट दाबला, नखं रुतवली. तो वाट बघत तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "घे की हातात, कवा घेतीस?"

तेव्हा मी रडले. फळ्यांच्या त्या गोल पोकळीत रडणं फार मोठं ऐकू येतं.

शबानानं मला पुरतं रडू दिलं. मग ती हळूच म्हणाली, "मला गाडीचाच रिपोर्ट मागितलाय, माणसाचा नाही. गाडी हिरवी आहे. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. पण एक होऊ शकतं. पट्टी ऐकते तशी बोलूही शकते. लहान तुकडा गळ्याखालच्या हाडावर चिकटवायचा. तिथल्या नसा चांगल्या आहेत. वेग कमी झाला की ती टकटक करेल. आणि वहिनींच्या हातमोज्यात दुसरा तुकडा बसवला तर त्यांनी दाबल्याबरोबर ती दादांना कळवेल. तुमच्या ब्रॅकेटपेक्षा हे पक्कं."

हणमंतनं मान वर केली. सकाळपासून मेलेलं त्याचं तोंड एकदम जिवंत झालं. "लावा," तो म्हणाला. "लावा बाई. मंदा, लाव म्हन."

माझं मन घेत नव्हतं. मी हात दाबणार, तो दाब एका पट्टीला कळणार, पट्टी त्याच्या हाडाला सांगणार, आणि मग तो माझा हात सोडणार. म्हणजे गाठ आमच्या दोघांची राहणार नव्हती. पण त्याचं तोंड मला बघवेना. भिंतीवाचून हा माणूस म्हणजे काय, हे मला कधी दिसलंच नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं. "लावा," मी म्हटलं.

शबानानं पेटीतून पातळ हातमोजा काढून माझ्या उजव्या हातावर चढवला. माझ्या दाबण्याची तऱ्हा पट्टीला शिकवायला हवी होती. तिनं मला माझ्याच गाडीच्या हँडलवर हात ठेवायला सांगितला, गाडी चालू केली, आणि म्हणाली, थरथर बदलली की बोटानं दाबा, एकेका बोटानं. मी दाबत गेले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग ती म्हणाली, "पुन्हा." मग म्हणाली, "करंगळी पुन्हा एकदा." तिनं गाडी बंद केली आणि पडद्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"बोला की," मी म्हटलं.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उशिरा दाबतंय. वहिनी, थंडीत बोटं पांढरी पडतात का?"

पडत होती. मी म्हणायची, रक्त कमी झालंय, बीट खायला हवं.

"थोडंच गेलंय," शबाना घाईघाईनं म्हणाली. "आता गाडी सोडली तर बाकीचं सगळं राहील. नाही सोडली तर..."

"न्हाई सोडली तर माज्यावानी," हणमंत म्हणाला.

तो उठला. खांद्यातून रक्त ओघळत होतं, तसाच माझ्या गाडीशी गेला, टाकीखालची पेट्रोलची नळी उपसली आणि सगळं पेट्रोल तळाच्या मातीत सोडून दिलं. मग त्याच्या गाडीचंही. विहीरभर वास पसरला. मी त्याच्या अंगावर धावले.

"दोन वर्सं मला सांगावंसं वाटलं न्हाई, आन् आता एकट्यानंच ठरवताय? माजी पन विहीर हाय ही! मला न्हाई सोडायची!"

त्यानं मला बोलू दिलं. मारलं असतं तर मारूही दिलं असतं. मी दमल्यावर म्हणाला, "माजं गेलं, मंदा. तुजं हाय अजून. दोगांतल्या एकाला तरी कळाया पायजे, हात धरलाय का सुटलाय."

दोन्ही गाड्यांच्या नळ्या मी परत टाकीला जोडल्या.

संध्याकाळी लोक आले. आम्ही बोर्ड उतरवला होता, तरी जिन्याशी गर्दी झाली. एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन उभे होते. म्हणाले, नुसतं इंजिन तरी वाजवा, पोरीनं कधी ऐकलं न्हाई. हणमंत त्यांना हात जोडून म्हणाला, पेट्रोल संपलं. शबाना तिच्या रिपोर्टावर सही करून निघाली. गाडीपुढे सगळं ठीक, असं तिनं लिहिलं होतं. जाताना तिनं माझ्या हातातला हातमोजा मागितला नाही आणि मीही दिला नाही.

पाळण्यांचे दिवे लागले. आम्ही दोघं बसस्टँडकडे निघालो, त्याच्या खांद्याची मलमपट्टी करून घ्यायला, डॉक्टर तिकडेच होता. गर्दीत मी त्याचा हात धरला. तो चार पावलं चालला आणि थांबला.

"धरलाय का?" त्यानं विचारलं.

"धरलाय," मी म्हटलं.

त्यानं खाली वाकून, दिव्याच्या उजेडात, आमचे हात नीट बघून घेतले. मग आम्ही चालू लागलो.